पोटरी आखडली नव्हती, दुबळी होती

माहीमचा_वारा
६ जुलै, रात्री १०.५२

धो धो पाऊस आहे, उद्या पहाटेचा वरळी सी-फेसचा बेत रद्द झालाय. बरेच दिवस डोक्यात असलेला धागा आज लिहून टाकतो. पाल्हाळ होणार आहे, चहा घेऊन बसा.

माझं वय ४४, नोकरी बैठी, धावायला लागून सहा वर्षं झाली. चार हाफ मॅरेथॉन झाल्यावर गेल्या वर्षी धीर करून मुंबई मॅरेथॉनच्या फुलला, म्हणजे पूर्ण ४२ किलोमीटरला, नाव दिलं. डिसेंबरात ३० किलोमीटरच्या लाँग रनला माहीम कॉजवेच्या अलीकडे डाव्या पोटरीत कोणीतरी मागून दगड मारल्यासारखं झालं. मी खरंच वळून पाहिलं. मागे पाववाल्याची सायकल होती आणि तो बिचारा मलाच विचारत होता, काय झालं साहेब.

जानेवारीतल्या त्या रविवारी बिब (छातीवर लावायचा नंबर) घरी कपाटाला लटकलेला आणि मी शिवाजी पार्कजवळ रस्त्याच्या कडेला उभा राहून लोकांच्या हातात संत्र्याच्या फोडी ठेवतोय. ग्रुपमधल्या ज्या लोकांना मी 'अरे स्ट्रेचिंग करा' म्हणून वर्षभर पिडलं, ते सगळे हसत पुढे गेले.

कारण स्ट्रेचिंगवाला मीच. रनच्या आधी कट्ट्याला पाय लावून दहा मिनिटं, नंतर दहा मिनिटं. रात्री घरातले टीव्ही बघायचे आणि मी जमिनीवर फोम रोलरवर पोटरी रगडत विव्हळत असायचो. पोटरी कायम आखडल्यासारखी वाटायची, म्हणून मी ती ताणायचो. दोन तास बरं वाटायचं, परत आखडायची, परत ताणायचो.

सूज उतरल्यावर फिजिओकडे गेलो. तिने मशीन लावलं नाही की तेल चोळलं नाही. म्हणाली, भिंतीला नुसती दोन बोटं टेकवा, एका पायावर उभे राहा आणि टाच जेवढी वर जाते तेवढी उचला, खाली आणा. गुडघा वाकवायचा नाही. मोजा.

उजवा पाय १७. डावा पाय ८. नववीला टाच जेमतेम एक पेर उचलली गेली आणि मी नकळत गुडघा वाकवून चोरी करायला लागलो. ती म्हणाली, तुमच्या वयाला वीस-पंचवीस व्हायला हव्यात. मग एक वाक्य बोलली ते अजून कानात आहे: "पोटरी आखडलेली नाही तुमची, दमलेली आहे. ती स्वतःला सावरायला घट्ट होतेय आणि तुम्ही तिला अजून ओढताय."

घरी येऊन हिशोब मांडला. माझी फुल पाच तासांची झाली असती. मिनिटाला साधारण १६५ पावलं, म्हणजे ४९,५०० पावलं. त्यातली निम्मी डाव्या पायाची, पंचवीस हजाराच्या आसपास. पोटरीत आतल्या बाजूला जो सोलिअस नावाचा चपटा स्नायू असतो, त्याच्यावर धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो म्हणतात. आणि माझा तो पाय मला स्वतःला नऊ वेळाही धड उचलू शकत नव्हता!

फेब्रुवारीपासून आठवड्यातून दोनदा, मंगळवार आणि शुक्रवार, बिल्डिंगच्या जिन्यात अर्धा तास देतोय. जिम नाही. पाठीवर मुलाची जुनी शाळेची सॅक, त्यात आधी पाच किलो तांदूळ, आता दहा. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच उचलणे, एकदा गुडघा ताठ, एकदा वाकवून. मग पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरणे, घरी येऊन एका पायाचा ब्रिज (पाठीवर झोपून कंबर उचलणे) आणि कुशीवरचा प्लँक (कोपरावर शरीर सरळ तोलून धरणे). बस. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज विचारतात, लिफ्ट बंद आहे का रे?

आता माझा प्रश्न. सप्टेंबरनंतर किलोमीटर वाढले की हे सगळं सुटतं, हा माझा आणि ग्रुपचा अनुभव. तुम्ही कसं टिकवता? आणि स्ट्रेचिंग पूर्ण सोडू का? सवय अशी आहे की केलं नाही तर आंघोळ न केल्यासारखं वाटतं.

---

खादाड_खवय्या
६ जुलै, रात्री ११.१०

पहिला! दहा किलो तांदूळ पाठीवर आणि रनिंगनंतर वडापाव दोन, असं असेल तर हिशोब बरोबर जुळतो.

---

कट्टेकरी_काका
७ जुलै, सकाळी ६.०५

वारा, छान लिहिलंस. पण यात नवीन काय सापडलं तुम्हाला लोकांना? आम्ही दादरला वाढलो. समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब होता, लाल मातीत जोर-बैठका होत्या, सकाळी सूर्यनमस्कार होते. उदय देशपांडे सरांना २०२४ ला पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे टीव्हीवाल्यांना मल्लखांब आठवला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी शंभर वर्षांपूर्वी अख्ख्या संस्थानाला नमस्कार घालायला लावले. रोज बारा नमस्कार घाला, ना फिजिओ लागेल ना तांदूळ. मी ६७ वर्षांचा आहे, पार्काला रोज पाच फेऱ्या मारतो, गुडघा दुखत नाही.

---

फिजिओ_वहिनी
७ जुलै, दुपारी २.२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे दवाखान्याच्या दोन पेशंटमधल्या वेळात लिहितेय. इथे कोणाची तपासणी करत नाही, नुसतं बोलते.

वारा यांच्या फिजिओने जे केलं ते अगदी योग्य. 'आखडलंय' ही भावना आहे, ते मोजमाप नाही. लांबी खरंच कमी आहे का हे बघायचं असेल तर सोपी रीत आहे. भिंतीसमोर अनवाणी उभे राहा, अंगठा भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागला की पाऊल थोडं मागे. अंगठा भिंतीपासून दहा सेंटीमीटरच्या आसपास असताना गुडघा लागत असेल, आणि दोन्ही पायांत फार फरक नसेल, तर धावण्यापुरता तुमचा घोटा पुरेसा वाकतो. मग त्याला आणखी ताणून काही हाती लागत नाही. ज्यांचं आयुष्य कमोड आणि खुर्चीवर गेलंय, उकिडवं बसताना जे मागे पडतात, त्यांचा घोटा मात्र बरेचदा खरोखर कमी वाकतो. त्यांनी ताणावं, जरूर.

काका, नमस्कारांबद्दल थोडं भांडते. पाठ, खांदे, खुबा मोकळा व्हायला सूर्यनमस्कार उत्तमच. पण धावणं म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या. नमस्कारात पूर्ण वजन एका पायावर कधी येतच नाही आणि पोटरीला नुसता ताण मिळतो, भार मिळत नाही.

---

कट्टेकरी_काका
७ जुलै, दुपारी ४.४५

वहिनी, नमस्कार सोडा. बैठका? आमच्या बैठका जिममधल्या स्क्वॉटसारख्या टाच टेकवून नव्हत्या. खाली जाताना टाच उचलायची, चवड्यावर बसायचं आणि चवड्यावरूनच उठायचं. शंभर.

---

फिजिओ_वहिनी
७ जुलै, रात्री ९.३०

काका, इथे मात्र तुम्ही जिंकलात. मी हा विचारच केला नव्हता. गुडघा वाकलेला असताना पोटरीचा बाहेरचा स्नायू सैल पडतो आणि भार आतल्या सोलिअसवर जातो. वारा जिन्यात 'गुडघा वाकवून टाच उचलणे' करतात ते त्याचसाठी. तालमीतली बैठक हेच करते, वर मांडीलाही कामाला लावते. फक्त ज्यांच्या गुडघ्याच्या वाटीमागे जिना उतरताना दुखतं त्यांनी शंभरवर उडी मारू नये. दहा, सावकाश, दुखणं न वाढेल इतक्याच खोल.

---

आकडेबहाद्दर
८ जुलै, सकाळी ११.१५

गोड गोड चाललंय म्हणून जरा मीठ टाकतो.

'ताकद वाढवा, दुखापत टळते' याच्या बाजूने सगळे एकच कागद फडकवतात. २०१४ चं ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमधलं डॅनिश संशोधकांचं संकलन. २५ चाचण्या, २६,६१० लोक. निष्कर्ष: ताकदीच्या व्यायामाने खेळातल्या दुखापती एक तृतीयांशाच्याही खाली येतात, अतिवापराच्या जवळपास निम्म्या होतात, आणि स्ट्रेचिंगने काहीही फरक पडत नाही. ऐकायला झकास. पण त्यात फुटबॉल-हँडबॉल खेळणारी मुलं आणि सैनिक भरपूर आहेत. लांब पल्ल्याचे हौशी धावपटू किती?

उलट न्यूयॉर्क मॅरेथॉनचा अभ्यास बघा, २०२० मध्ये छापलेला. पहिल्यांदा फुल धावणारे ७२०. निम्म्यांना ताकदीचा व्यायाम दिला, दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे. निम्म्यांना काही नाही. दुखापतींत फरक? शून्याच्या जवळ.

मग वाराचे तांदूळ नक्की कशासाठी?

---

बोरिवलीचा_बिबट्या
८ जुलै, दुपारी १२.४०

आकडेराव आले, आता धागा शंभरी गाठणार.

माझा अनुभव वेगळ्या टोकाचा. नॅशनल पार्कात गेटपासून कान्हेरीपर्यंत चढत जातो आणि धावत उतरतो. चढ दम काढतो, पण मांड्या फोडतो तो उतार. पहिल्या वर्षी उतरल्यावर दोन दिवस रेल्वेचा पूल रेलिंग धरून उलटा उतरलोय, लोक वाट सोडून बघायचे. मग कोणीतरी सांगितलं की उतारावर मांडीचा स्नायू लांब होत होत ब्रेक लावतो, तेच काम त्याला आधी शिकवायला हवं. पायरीवरून एका पायाने चार आकडे मोजत खाली टाच टेकवायची, आरशासमोर, गुडघा आत पडू न देता. सहा-सात आठवड्यांत फरक पडला. ज्यांनी पेडर रोडचा परतीचा चढ पस्तिसाव्या किलोमीटरनंतर चढलाय आणि मग केम्प्स कॉर्नरच्या बाजूला उतरलाय, त्यांना कळेल मी काय म्हणतोय.

---

फिजिओ_वहिनी
८ जुलै, रात्री १०.१५

आकडेबहाद्दर, मुद्दा रास्त आहे आणि तो टाळणं बरं नाही. न्यूयॉर्कच्या अभ्यासातला व्यायाम घरच्या घरी, स्वतःच्या मनाने, दहा मिनिटांचा होता. तेवढ्याने पुरत नाही हे त्यातून कळलं. ते तेवढंच कळलं, बरं का.

दुसरीकडे साओ पाउलोमध्ये ११८ धावपटूंवर काम झालं, तेही २०२० चंच. निम्म्यांना आठ आठवडे फक्त पावलाचे आणि घोट्याचे व्यायाम शिकवले, मग वर्षभर नजर ठेवली. न करणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता २.४२ पट निघाली. फिनलंडमध्ये नवख्या धावणाऱ्यांना २४ आठवडे खुबा आणि धडाचे व्यायाम दिले, तिथेही अतिवापराच्या दुखापती कमी झाल्या, २०२४ चा कागद आहे. म्हणजे चित्र मिश्र आहे. माझं मत विचाराल तर: हलका, घाईघाईचा, कोणाच्याही देखरेखीविना केलेला व्यायाम हा नैवेद्य दाखवण्यासारखा. जिथे लोकांनी खरंच केला आणि भार वाढवत नेला, तिथे फळ दिसतं.

स्ट्रेचिंगच्या बाबतीत मात्र फारसा गोंधळ नाही. ऑस्ट्रेलियन सैन्यात १,५३८ रिक्रूट घेऊन केलेली २००० सालची चाचणी आहे. व्यायामाआधी स्थिर स्ट्रेचिंग करणारे आणि न करणारे, पायाच्या दुखापती सारख्याच. त्यामुळे वारा, रनच्या आधी कट्ट्याला पाय लावून मिनिट-मिनिटभर ताणणं सोडा, त्याने स्नायूचा जोर थोडा वेळ उलट कमी होतो. त्याऐवजी पाच मिनिटं भरभर चाला, पाय पुढे-मागे झुलवा, एक पाय लांब पुढे टाकून वाकायचे चार लंजेस घाला, मग हळू सुरुवात करा. रात्री टीव्हीसमोर ताणायचं असेल तर खुशाल ताणा, झोप छान लागते. त्याला औषध समजू नका म्हणजे झालं.

---

नवखा_एकवीस
९ जुलै, सकाळी ९.००

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. मार्चपासून धावतोय, वय २६. हाफ लावलीये. कालपरवापर्यंत सर्वात लांब रन ८ किलोमीटर होता, गेल्या रविवारी ग्रुपबरोबर बीकेसीत एकदम १६ मारले. दम अजिबात लागला नाही. आता उजवी नडगी दुखतेय. कोणते शूज घ्यावेत?

---

फिजिओ_वहिनी
९ जुलै, दुपारी १.३५

शूज राहू द्या. दोन प्रश्न. दुखतं ते तळहात फिरवून दाखवता का एका बोटाने? आणि त्या एकाच पायावर तीन उड्या मारल्या तर?

---

नवखा_एकवीस
९ जुलै, दुपारी १.५०

एका बोटाने. नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर वीतभर. उडी एकच मारली, दुसरी नाही मारवली. रात्री कूस बदलतानाही ठणकतं.

---

फिजिओ_वहिनी
९ जुलै, दुपारी १.५८

आजपासून धावणं बंद. हाडांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा आणि हेच तीन मुद्दे सांगा. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून खूश होऊ नका, हाडातली बारीक चीर सुरुवातीला त्यात बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते.

बाकीच्यांसाठी: पसरट, तळहाताएवढी दुखणारी नडगी, जी धावायला लागल्यावर थोडी सैल होते, ती वेगळी गोष्ट. तिला शिन स्प्लिंट म्हणतात आणि ती भार कमी करून, पोटरी मजबूत करून ताळ्यावर येते. एका बोटाची जागा आणि रात्रीचा ठणका म्हणजे थांबा.

'दम अजिबात लागला नाही' हे वाक्य मी रोज ऐकते. हृदय-फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आणि हाड महिने घेतात. दम पुढे पळतो, हाड मागे राहतं. मधल्या त्या अंतरात दुखापत बसलेली असते.

---

आकडेबहाद्दर
९ जुलै, दुपारी ३.१०

नवख्या, तुझ्या ८ वरून १६ ला पुरावा आहे. २०२५ मध्ये पाच हजारांवर धावपटूंच्या घड्याळांतला विदा तपासला गेला. आठवड्याच्या एकूण किलोमीटरपेक्षा एकाच रनची उडी जास्त नडते असं निघालं. मागच्या तीस दिवसांतल्या सर्वात लांब रनच्या दहा टक्क्यांहून पुढे गेलं की धोका वाढायला लागतो. तू शंभर टक्के गेलास.

---

सई_डोंबिवली
१० जुलै, रात्री ८.४०

मी याच्या अगदी उलट टोकाची. दहा वर्षं योगासनं. पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला लागतं, ग्रुपमध्ये कौतुक व्हायचं. आणि गेलं वर्षभर उजव्या नितंबाच्या खाली, बसतो त्या हाडावर दुखतंय. धावताना कमी, बसल्यावर जास्त. डोंबिवली फास्टला फोर्थ सीट (तिघांच्या बाकड्यावर कडेची चौथी जागा) मिळाली की जग आनंदतं, मी रडकुंडीला येते. अर्धं बूड सीटवर, आणि नेमकं तेच अर्धं.

मला वाटलं मांडीमागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, आखडलाय, म्हणून आणखी वाकत गेले. वाढतच गेलं. कोणी सांगितलं सायटिका, कोणी सांगितलं वात.

---

फिजिओ_वहिनी
१० जुलै, रात्री १०.०५

सई, तपासल्याशिवाय नाव देणार नाही, पण कंबर तपासून झाली असेल तर डॉक्टरांना 'हॅमस्ट्रिंगचं टेंडन जिथे हाडाला चिकटतं तिथे बघा' असं जरूर सांग. पुढे वाकून ताणलं की ते टेंडन त्या बसायच्या हाडावर दाबलं जातं. बसल्यावरही तेच. म्हणजे तू जे औषध म्हणून घेत होतीस तोच आजार होता. सहा-आठ आठवडे पुढे वाकणं पूर्ण बंद करून बघ, फोर्थ सीटपेक्षा उभी राहा, आणि पाठीवर झोपून ब्रिज, आधी दोन पायांचा, स्थिर, तीस-चाळीस सेकंद. लवचीक माणसाला ताकद जास्त लागते, कारण सांधा कुठे थांबवायचा हे स्नायूलाच ठरवावं लागतं.

---

निशिगंध
११ जुलै, दुपारी ४.१५

सगळे पोटरी आणि हाडांबद्दल बोलताहेत, जेवणाबद्दल कोणीच नाही. माझी सांगते. तीन वर्षांपूर्वी फुलची तयारी करताना पाच किलो घटलं, सगळे म्हणाले काय मस्त दिसतेस, वेळही सुधारली. पाळी चार महिने आली नाही. मी खूशच, रेसच्या दिवशी कटकट नको! मग पावलाच्या हाडात चीर. डॉक्टरांनी पहिला प्रश्न शूजचा नाही, पाळीचा विचारला.

खाल्लेल्यातलं धावण्यानंतर शरीराला काही उरलं नाही की ते एकेक दुकान बंद करतं. ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव दिलं आणि ते पुरुषांनाही होतं असंही सांगितलं. उपाशीपोटी १८ किलोमीटर आणि आल्यावर ब्लॅक कॉफी, या लोकांनी कितीही तांदूळ पाठीवर घेतला तरी उपयोग नाही. थोडा पोटातही घ्या.

---

खादाड_खवय्या
११ जुलै, दुपारी ४.३०

निशिगंध ताईंना माझा बिनशर्त पाठिंबा.

---

बोरिवलीचा_बिबट्या
११ जुलै, रात्री ९.२०

अवांतर: आपला धावपटू अविनाश साबळे, त्याला मोनॅकोत झाली तीही दुखापतच की. एवढं सगळं करूनही होतेच. मग?

---

आकडेबहाद्दर
११ जुलै, रात्री ९.५५

बिबट्या, ते स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) पाण्याच्या उडीला पडणं होतं, गुडघ्याचा लिगामेंट गेला. तो अपघात. इथे बोलतोय ते हळूहळू साचत जाणाऱ्या दुखण्याबद्दल. दोन्हींना 'इंजुरी' एकच शब्द असल्याने घोळ होतो.

---

माहीमचा_वारा
१३ जुलै, रात्री १०.३०

वा, धागा मस्त पेटला. दोन दिवस ऑफिसात अडकलो होतो.

सई, तुझा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. आपण दोघं दोन टोकांचे आणि चूक एकच.

स्ट्रेचिंग रनच्या आधीचं बंद केलं. कट्ट्याला पाय न लावता निघालो तर ग्रुपमध्ये दोघांनी विचारलं, बरं आहे ना. आता पुढचं सांगा, व्यायाम कोणत्या दिवशी? बुधवारी माझं स्पीडवर्क (वेगाचा सराव) असतं. मंगळवारी जिना केला की बुधवारी पाय लाकडाचे. शुक्रवारी केला तर रविवारच्या लाँग रनपर्यंत पोटरी बोलत असते.

---

फिजिओ_वहिनी
१४ जुलै, दुपारी २.४५

कठीण दिवस कठीणच ठेवा, सोपे सोपेच राहू द्या. बुधवारी सकाळी स्पीडवर्क केलं की त्याच दिवशी संध्याकाळी जिना. दुसरा दिवस शुक्रवारऐवजी सोमवारही चालेल. लाँग रनच्या आदल्या दिवशी नको.

आणि वजन वाढवा. एका पायावर सलग तीस टाचा सहज होत असतील तर ती ताकद नाही, तग आहे, आणि तग धावण्यातून मिळतोच. सहा ते दहाच होतील इतकं वजन घ्या, तीन सेकंद वर, तीन सेकंद खाली, सेटच्या मध्ये दोन मिनिटं बसा. ऑक्टोबर-डिसेंबरात किलोमीटर वाढले की व्यायामाची संख्या अर्धी करा, वजन तेच ठेवा. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं दिली तरी मिळवलेली ताकद बऱ्यापैकी टिकते. पूर्ण सोडू नका, सगळे तिथेच चुकतात: बारा आठवडे राहिले की जिना बंद, आणि दुखतं नेमकं तेव्हा.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दहापैकी तीन-चारपर्यंत चालतं, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पाऊल टाकताना कालच्यापेक्षा जास्त दुखता कामा नये. पोटरी अचानक सुजली, गरम लागली, लाल झाली, तर मात्र व्यायाम-बियायाम नाही, त्याच दिवशी डॉक्टर. तो रक्ताच्या गुठळीचा प्रकार असू शकतो.

---

कट्टेकरी_काका
१५ जुलै, सकाळी ६.२०

माझी टाच सकाळी उठल्यावर दुखते. काल लिहायचा संकोच वाटला, आधी फुशारकी मारून बसलो होतो ना. पहिली दहा पावलं संडासापर्यंत लंगडत, मग ठीक.

---

फिजिओ_वहिनी
१५ जुलै, दुपारी १.१०

काका, संकोच कसला. तळपायाच्या पट्ट्याचं दुखणं वाटतंय. पंच्याची घट्ट गुंडाळी करा, पायरीवर ठेवा, त्यावर पायाची बोटं येतील अशी, म्हणजे बोटं वर वाकलेली राहतील. आता त्या एका पायावर टाच उचला. तीन सेकंद वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंद खाली. एकाआड एक दिवस. कठडा धरा. डेन्मार्कमध्ये यावर चाचणी झालीये, नुसतं ताणणाऱ्यांपेक्षा हे करणारे तीन महिन्यांनी बरेच पुढे होते. सुरुवातीला दोन्ही पायांवर केलंत तरी चालेल. आणि पार्काच्या फेऱ्या पाचाच्या तीन.

---

कट्टेकरी_काका
१५ जुलै, दुपारी १.४०

चार.

---

नवखा_एकवीस
२ ऑगस्ट, रात्री ७.१५

वहिनी, एक्स-रे खरंच स्वच्छ होता. डॉक्टर म्हणाले एमआरआयची गरज नाही, मी तुमचे तीन मुद्दे मोबाइलमधून वाचून दाखवले, मग लिहून दिला. चीर आहे, सुरुवातीची. सहा ते आठ आठवडे धावणं बंद. डी जीवनसत्त्व तळाला गेलेलं निघालं. हाफ पुढच्या वर्षी. ग्रुपमधले म्हणतात एवढ्याशा दुखण्याला कोण एमआरआय करतं.

---

निशिगंध
२ ऑगस्ट, रात्री ७.४०

ग्रुप म्यूट कर. पोहायला जा, कंबरेपासून वरचे व्यायाम कर. आणि जेव.

---

सई_डोंबिवली
७ सप्टेंबर, रात्री ९.२५

आठ आठवडे पुढे वाकले नाही. योगाच्या बाई रुसल्यात. पण काल ठाण्यापासून कल्याणपर्यंत फोर्थ सीटवर बसून आले. पूर्ण बरं नाही, दहात दोन. एका पायाच्या ब्रिजवर आलेय.

---

माहीमचा_वारा
११ ऑक्टोबर, रात्री १०.००

हजेरी लावतो. आज २६ किलोमीटर झाले. माहीम कॉजवेच्या अलीकडे ती जागा आली तेव्हा श्वास रोखला होता, काही झालं नाही, पाववाला भेटला नाही. टाचांची मोजणी काल केली: उजवा २३, डावा २१. पोटरी अधूनमधून आखडल्यासारखी वाटते अजूनही. आता वाटली की ताणत नाही, त्या आठवड्यात काय जास्त झालं ते वहीत बघतो. दोनदा सापडलं, दोन्ही वेळा ऑफिसच्या घाईत दोन दिवसांचं धावणं एका दिवसात कोंबलेलं.

एक अडचण. दहा किलो तांदळाची ती पिशवी घरच्यांनी दिवाळीच्या अनारशांसाठी परत मागितली आहे. जुना तांदूळ म्हणे आता मुरलाय. वजनाला पर्याय सुचवा.

---

खादाड_खवय्या
११ ऑक्टोबर, रात्री १०.०४

अनारसे पाठीवर घ्या.

---

कट्टेकरी_काका
१२ ऑक्टोबर, सकाळी ६.१०

विटा. दोन-तीन, गोणपाटात घट्ट बांधून, म्हणजे पाठीला टोचत नाहीत. पलीकडच्या गल्लीत इमारत पाडताहेत, मुकादमाला माझं नाव सांग. माझी टाच सकाळी आता तीन पावलांत सुटते.